ओसरीवरून : किल्ली कोणी दिली?

गेल्या भाद्रपदात ज्येष्ठागौरींच्या आवाहनाच्या दिवशी आमच्या घरी जे घडले ते या सदरात लिहावे की न लिहावे, याचा विचार मी सहा-सात महिने करीत होतो. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये ही शिकवण मलाही लहानपणीच मिळाली आहे. परंतु वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी दाराआड खुंटीला गाडीची किल्ली टांगलेली असते आणि ती काढून घेण्याइतकी उंची आलेला एखादा मुलगाही असतो, हे ध्यानात घेता गप्प बसणे मला बरे वाटले नाही. ज्याच्याशी या प्रकरणाचा मुख्य संबंध त्या माझ्या पुतण्याची अनुमती घेतली आहे. तो म्हणाला, "पोलिसांना सांगितलेच आहे काका, मग मासिकाला सांगायला काय हरकत?"

हकीगत अशी. सकाळी दहाचा सुमार असेल. घरात सोवळ्याओवळ्याची गडबड चाललेली, आणि ऐन वेळी तेरड्याची रोपे कमी पडली असे बायकांच्या ध्यानात आले. पुतण्याने आपल्या धाकट्या चिरंजीवास हाक मारली, खुंटीवरची किल्ली काढून त्याच्या हाती दिली आणि "पटकन जाऊन ये" म्हणून सांगितले. मुलगा बारावीत, सतरा वर्षांचा. अठरा पूर्ण व्हायला पाच महिने उणे. स्कूटर चालविण्याचा परवाना अर्थातच नव्हता. पण गल्लीत चालविताना त्याला आम्ही सर्वांनी पाहिले होते आणि तो चांगली चालवितो असे कौतुकही केले होते. मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. किल्ली दिलेली मी पाहिली. काहीएक बोललो नाही.

परत येताना देवळाजवळच्या वळणावर मुलाचा तोल गेला. तेथे पत्री आणि दूर्वा विकीत बसणारी एक वृद्ध बाई होती. गाडी तिच्यावर गेली. तिचे खुब्याचे हाड मोडले. मुलगा पळाला नाही, हे मला नमूद केलेच पाहिजे. शेजारच्या फुलवाल्याने रिक्षा थांबविली, दोघांनी मिळून बाईला उचलले आणि मुलगा तिच्याबरोबर रुग्णालयात गेला. तेथूनच त्याने घरी कळविले. आमच्याकडे गौरी आल्या त्या अशा.

सायंकाळी माजघरात बैठक बसली. आमचे एक आप्त, सरकारी कचेऱ्यांतून वावरलेले, मोठे व्यवहारी गृहस्थ. त्यांनी सुचविले की मुलाच्या थोरल्या भावापाशी परवाना आहे, तोच गाडी चालवीत होता असे सांगावे. विमा कंपनी पैसे देईल, बाईचे नुकसान होणार नाही, मुलाचे बारावीचे वर्ष वाचेल, बापावर किटाळ येणार नाही. थोरला भाऊ तयार होता. माझे बंधूही "दादा, यात कोणाचे वाईट होते?" असे विचारू लागले. खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ते पटले. कोणाचे वाईट होते?

त्यावर सूनबाई माजघराच्या दारातूनच म्हणाली, "त्या बाईंनी याचे तोंड पाहिले आहे. उद्या आपण मोठ्याचे नाव सांगितले, तर त्या खोट्या ठरतील."

बैठक तेथेच संपली. पुतण्या उठला, सदरा चढविला आणि चौकीवर जाऊन किल्ली आपण दिली असे लिहून देऊन आला. वाचकांपैकी कोणी वकील असतील तर ते म्हणतील, आधी सल्ला घ्यावयास हवा होता. असेलही.

त्या रात्री मला झोप आली नाही. सवयीने मी पुस्तकांच्या कपाटाकडे वळलो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांविषयी आठ-दहा श्लोकांचे एक छोटेसे प्रकरण आहे. मी ते पूर्वी अनेकदा वाचले होते, पण व्याकरणासाठी. अर्थासाठी त्या रात्री प्रथम वाचले. दहा प्रसंगी दंड नाही असे तेथे सांगितले आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी गेली किंवा मागे सरली, आस किंवा चाक मोडले, चामड्याचे बंध, गळ्याची दोरी किंवा लगाम तुटला, अथवा गाडीवानाने ओरडून "बाजूला व्हा" असे सांगितले होते, तर तो दोषमुक्त. याचा अर्थ उघड आहे. जे माणसाच्या हातात नव्हते त्याबद्दल त्याला धरू नये, आणि जे हातात होते ते त्याने केले असेल तरीही धरू नये. परंतु पुढे जे आहे ते अधिक मार्मिक आहे. गाडीवान अकुशल असल्यामुळे गाडी भलतीकडे गेली आणि इजा झाली, तर दोनशे पणांचा दंड मालकाला. गाडीवान कुशल असेल, तर दंड त्याचा त्याला. आणि गाडीवान अकुशल असताना जे गाडीत बसले, त्या प्रत्येकाला शंभर पण. चालविणारा अजाण असेल तर दोष त्याच्या डोक्यावरून सरकून ज्याने गाडी हाती दिली त्याच्याकडे जातो, आणि जे सर्व पाहत स्वस्थ बसले तेही मोकळे सुटत नाहीत. ओसरीवरचा मी गाडीत बसलेलो नव्हतो, असा कोटिक्रम करता येईल. तो मी त्या रात्री करून पाहिला, टिकला नाही.

याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात चुकीची चिकित्सा करणाऱ्या वैद्यास दंड सांगितला आहे. रोगी जनावर असेल तर प्रथम साहस, मनुष्य असेल तर मध्यम साहस. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही वैद्याच्या चुकीने रोगी दगावल्यास दंड आहे. आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरलेला बरा. ज्या अध्यायात गाडीवानाचा इतका सूक्ष्म विचार आहे त्याच अध्यायात एकाच अपराधाला वर्णपरत्वे वेगवेगळी शिक्षाही आहे, आणि ती न्याय्य होती असे आज कोणताही विचारी मनुष्य म्हणणार नाही. चांगले ते घ्यावे आणि वाईट ते वाईट म्हणावे.

आता आजचा कायदा. भारतीय दंडविधान १८६० साली झाले, तेव्हा निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूसाठी त्यात स्वतंत्र कलम नव्हते. '३०४ अ' हे कलम १८७० साली घालण्यात आले. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे. ती तशीच दीडशेहून अधिक वर्षे राहिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या १०६व्या कलमाने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना असे घडल्यास ती दोन वर्षांचीच आहे. अपघात करून पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे पोटकलमही संहितेत आहे. परंतु ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर, संहिता लागू करताना तेवढे बाजूला ठेवण्यात आले. मृत्यू न होता हाड मोडले, तर कायद्याच्या भाषेत ती 'गंभीर दुखापत' होय, आणि निष्काळजी कृत्याने ती झाल्यास १२५व्या कलमाप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण चूक झाली आणि मनुष्य मेला, एवढ्याने गुन्हा होत नाही. १९०२ साली मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी सांगितले की, मृत्यू हा आरोपीच्याच कृत्याचा थेट परिणाम असला पाहिजे. मध्ये दुसऱ्या कोणाचा निष्काळजीपणा येता कामा नये. या तत्त्वाचा कस मुंबईच्याच एका रंगाच्या कारखान्यातील आगीत लागला. १९६२ सालच्या एप्रिलात तेथे सात कामगार जळून मेले. परवाना नसताना उघड्या ज्वाळांवर डांबरासारखे पदार्थ वितळविले जात होते, आणि हे व्यवस्थापकाला ठाऊक होते. तथापि प्रत्यक्ष भडका उडाला तो एका कामगाराने पुरेसे न निवलेल्या मिश्रणात टर्पेंटाइन घाईने ओतल्यामुळे. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापकास मृत्यूच्या गुन्ह्यातून सोडले. अग्नीविषयी हयगय केल्याचा दोष मात्र कायम ठेवला. न्यायालयाचा तर्क मला समजतो, पण ते सात जण डोळ्यांपुढून हलत नाहीत. उलट दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे मुख्यतः धुराने गुदमरून मेली, तेव्हा मालकांनी स्वतः काडी ओढली नव्हती; पण ज्या वाटेने लोक बाहेर पडू शकले असते तेथे जादा खुर्च्या बसविल्या होत्या. त्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दोषी ठरविले. वाट अडविणे हेही कृत्यच आहे.

गुन्हा वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा, हा भेद आपल्या घरांतून फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. फौजदारीत निष्काळजीपणा ढोबळ, सहज अक्षम्य वाटेल असा लागतो. वैद्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे २००५ साली स्पष्ट केले. दिवाणीत तेवढे लागत नाही. काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते मोडले आणि त्यामुळे हानी झाली, इतके पुरते. हे कर्तव्य कोणाप्रती, याचे उत्तर इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९३२ साली एका स्कॉटिश बाईच्या दाव्यात दिले. तिने प्यायलेल्या आल्याच्या पेयाच्या अपारदर्शक बाटलीत गोगलगाय निघाल्याची तिची तक्रार होती. बाटली तिने स्वतः विकतही घेतली नव्हती, मैत्रिणीने घेऊन दिली होती. लॉर्ड ॲटकिन यांनी 'शेजारी' ही कल्पना पुढे केली. आपल्या कृतीने ज्याला इजा होईल हे आधी ध्यानात यायला हवे, तो आपला शेजारी, मग त्याची आपली तोंडओळखही नसो. देवळाजवळच्या वळणावर बसणारी बाई या अर्थाने आमची शेजारीण होती. तिच्याकडून आम्ही कितीदा दूर्वा घेतल्या असतील; तिचे नाव मात्र आम्हांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

दिवाणी दाव्याचे एक उदाहरण मला फार जवळचे वाटते, कारण ते आपल्याच मुलखातील आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाचा अपघात होऊन डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी फळ्या बांधून पाय स्थिर केला आणि पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. दोनशे मैलांचा प्रवास करून मुलाला मोटारीने पुण्यात आणले. तेथील शल्यचिकित्सकांनी, न्यायालयाने पुढे मानल्याप्रमाणे, पुरेशी भूल न देता, तीन सेवकांच्या साहाय्याने जोर लावून हाड बसविले आणि प्लास्टर घातले. ९ मे रोजी रात्री मुलगा गेला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी आणि मुलाच्या आईने दावा लावला. खालच्या न्यायालयाने तीन हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते कायम केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले ते २ मे १९६८ रोजी. वैद्याने रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना आणि तो उपचार करताना, अशा तिन्ही वेळी वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे सूत्र त्या निकालातून आले आणि आजही वकील ते सांगतात. पंधरा वर्षे आणि तीन हजार रुपये! त्या डॉक्टर पित्याला पैशाची आशा असेल असे मला वाटत नाही. आपल्याच व्यवसायातील माणसाविरुद्ध उभे राहताना काय काय ऐकावे लागले असेल, याचीच कल्पना मी करतो.

आमच्या घराला लागू पडणारा कायदा मात्र याहून नवा आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली '१९९ अ' हे कलम घातले गेले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. मुलाने गाडी आपल्या संमतीनेच नेली असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, किंवा आपण पुरेपूर दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर. "पाच महिन्यांत परवाना मिळणारच होता," हे माझ्या पुतण्याचे वाक्य त्यामुळे फार कडवट ठरले. आता कदाचित आठ वर्षे.

या कलमाचे नाव महाराष्ट्रात घरोघर पोहोचले ते १९ मे २०२४ नंतर. त्या दिवशी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. तो खटला न्यायप्रविष्ट झाला. त्याविषयी मी मत देत नाही. परंतु बाल न्याय मंडळाने प्रथम जामीन देताना रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली होती आणि त्यावरून मोठा क्षोभ उसळला, हे सर्वांस स्मरत असेल. चौतीस वर्षे मी मुलांकडून निबंध लिहवून घेतले. तीनशे शब्दांत काय मावते ते मला चांगले ठाऊक आहे. प्रस्तावना, दोन सुभाषिते आणि शेवटी 'म्हणून सर्वांनी नियम पाळावेत'. दहापैकी सात गुण मीही दिले असते.

विम्याचेही ऐका, कारण त्याविषयी घरोघर गैरसमज आहे. परवाना नसलेल्याने गाडी चालविली तर विमा कंपनी जखमीस काहीच देत नाही, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले आहे की, त्रयस्थ जखमीला भरपाई देऊन कंपनीने ती मागाहून मालकाकडून वसूल करावी असा हुकूम न्यायाधिकरणास करता येतो. तेव्हा आमच्या आप्तांचे 'बाईचे नुकसान होणार नाही' हे म्हणणे खरे बोलूनही बहुधा साधले असते. खोटे बोलून वाचले असते ते केवळ आमचे. आणि खोटा चालक उभा करणे हा स्वतंत्र गुन्हा, हे तर त्यांच्या ध्यानातच नव्हते. ज्या फुलवाल्याने बाईला उचलले, त्याला मात्र पोलिसांची फार भीती वाटत होती. त्याला मी त्याच अधिनियमातील १३४ अ हे कलम वाचून दाखविले. सद्भावनेने जखमीस मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल कोणतीही जबाबदारी येत नाही. त्याने ते माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतले आणि दुकानात फुलांच्या पाटीमागे चिकटवून ठेवले आहे.

मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे आहे, पुतण्याचे न्यायालयात, आणि बाईच्या भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे. त्या दाव्यासाठी तिला वकील मिळवून देण्यात आम्ही पुढाकार घेतला. आपल्याविरुद्धच्या दाव्याला आपणच मदत करावी हे आमच्या बंधूंना अजून चमत्कारिक वाटते. मलाही सुरुवातीला वाटले होते. शस्त्रक्रियेचा खर्च आम्ही दिला, तो दाव्यात वजा धरू नये असे मी पुतण्याला सांगितले. त्यावर त्याने उत्तर दिले नाही. त्याच्याही संसाराला मर्यादा आहेत.

बाईला काठी घेऊन घरातल्या घरात चालता येते. वळणावर आता तिची नात बसते. गेल्या महिन्यात मी समाचाराला गेलो तेव्हा तिने मला बसायला पाट दिला आणि विचारले, "मास्तर, पोराची परीक्षा झाली का?"

मी झाली म्हणून सांगितले. पेपर कसे गेले, हेही तिने विचारले. ते मला ठाऊक नव्हते. घरी येऊन मुलाला विचारले, तर तो म्हणाला की आपण स्वतःच जाऊन त्यांना सांगू. गेला की नाही, हे मी विचारलेले नाही.

खुंटीवर आता किल्ली नसते. दाव्याची पुढील तारीख ज्येष्ठात आहे.